ब्राउझरमध्ये अख्खा लिनक्स डेस्कटॉप: आतून बाहेर बांधत जायची रीत

माझी भाची लातूरला बीएस्सी करते. तिच्याकडे आठ-नऊ वर्षांचा जुना लॅपटॉप आहे. त्यात ब्राउझर नीट चालतो, बाकी काही उघडलं की पंखा घरघरतो. गेल्या उन्हाळ्यात मी तिला मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर लिनक्स डेस्कटॉप मांडून दिला, ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडणारा. एका दुपारी तिची पायथनची स्क्रिप्ट चालू असताना वीज गेली. राउटर बंद, लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली. तिने मोबाइलवर तोच पत्ता उघडला आणि मला फोन केला: ‘मामा, टर्मिनल तिथंच आहे. आकडे पुढे सरकतायत!’

या मांडणीची खरी ताकद हीच. डेस्कटॉप सर्व्हरवर जगतो, ब्राउझर ही फक्त त्याची खिडकी. खिडकी मिटली तरी घर जागेवर राहतं. आणि घर चोवीस तास उघडं असणार म्हणून त्याच्या दाराची काळजी सगळ्यात जास्त घ्यायची. नेटवरच्या बऱ्याच मार्गदर्शनांत आधी दार सताड उघडतात आणि कुलपाचं शेवटी बघतात. मी उलट्या क्रमाने सांगणार आहे: आधी सर्व्हरच्या आत सगळं चालतंय याची खात्री, मग बोगदा (तुमच्या लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंतची कुलूपबंद खासगी वाट), आणि अगदी गरज पडली तरच सार्वजनिक पत्ता.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग आठवत नसेल तर पहिली चार-पाच अक्षरं टाइप करून टॅब की दोनदा दाबा, नाहीतर ‘एपीटी सर्च’ वापरून शोधा.

पडद्यामागे काय चालतं

तीन भाग आहेत. पहिला टायगरव्हीएनसी. हा सर्व्हरवर एक काल्पनिक पडदा तयार करतो, खरा मॉनिटर जोडलेला नसला तरी. दुसरा नोव्हीएनसी, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम. तो पडद्याचं चित्र दाखवतो आणि माउस-कीबोर्डच्या हालचाली परत पाठवतो. या दोघांच्या बोलीत फरक आहे: व्हीएनसी, म्हणजे दूरचा पडदा दाखवण्याची पद्धत, साध्या टीसीपी जोडणीवर बोलतं, तर ब्राउझरला कुठल्याही पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारावर) अशी कच्ची जोडणी करता येत नाही, त्याला वेबसॉकेट ही वेबची स्वतःची जोडणी लागते. म्हणून मध्ये तिसरा, वेबसॉकिफाय नावाचा दुभाषा.

व्हीएनसीचा जन्म नव्वदच्या दशकात केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत झाला. त्यामागची कल्पना साधी आहे: पडद्याचा जेवढा चौकोन बदलला तेवढाच पाठवायचा. तुम्ही दस्तऐवजात एक अक्षर लिहिलंत तर नखाएवढा तुकडा जातो. म्हणून लिखाण, कोडिंग, हिशेबाच्या शीट्स मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही सुखाने चालतात. व्हिडिओत मात्र सगळा पडदाच सारखा बदलत असतो, त्यामुळे तिथे अडखळणं आलंच. शिवाय या मार्गाने आवाज येत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

सर्व्हर कसा घ्यावा

दोन जीबी रॅम, एक किंवा दोन कोअर, वीस-पंचवीस जीबी जागा. एक जीबीत एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप उभा राहतो, पण फायरफॉक्समध्ये चार टॅब उघडले की श्वास कोंडतो. सर्व्हर जवळचा घ्या. महाराष्ट्रात बसून काम करणार असाल तर मुंबई, नाहीतर बंगळुरू. स्वस्त मिळतो म्हणून युरोपातला घेतलात तर प्रत्येक कळ तिकडे जाऊन परत येईपर्यंत अक्षर उमटत नाही, आणि हा उशीर कुठल्याही सेटिंगने जात नाही.

मी डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती घेतो. उबुंटूही चालेल, पण त्यात फायरफॉक्स स्नॅप पॅकेज म्हणून येतो आणि व्हीएनसीच्या सत्रात स्नॅपचे प्रोग्राम कधीकधी उघडायलाच नकार देतात. डेबियनमधला फायरफॉक्स साधं पॅकेज आहे, तिथे हा त्रास नाही. गनोम किंवा केडीई हे जड डेस्कटॉप घेऊ नका. त्यांची झगमग ग्राफिक्स कार्डाच्या भरवशावर असते आणि भाड्याच्या छोट्या सर्व्हरला ते कार्डच नसतं.

मांडणी

सर्व्हरमध्ये एसएसएचने (दूरच्या टर्मिनलमध्ये सुरक्षितपणे शिरण्याच्या कमांडने) शिरा आणि सगळ्यात आधी वेगळा वापरकर्ता तयार करा: ‘अ‍ॅडयूजर डेस्क’. त्याला सुडोच्या गटात घाला, म्हणजे गरजेपुरते मालकाचे अधिकार त्याला वापरता येतील. डेस्कटॉप रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने कधीही चालवू नका. ब्राउझरमधून उघडलेली एखादी वाईट फाइल थेट अख्ख्या सर्व्हरची मालकीण होऊन बसेल.

मग ‘सुडो एपीटी अपडेट’, आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ पुढे ही नावं: एक्सएफसीई४, एक्सएफसीई४-टर्मिनल, डीबस-एक्स११, टायगरव्हीएनसी-स्टँडअलोन-सर्व्हर, टायगरव्हीएनसी-टूल्स, नोव्हीएनसी, वेबसॉकिफाय, फायरफॉक्स-ईएसआर. बरंच डाउनलोड होतं, चहा टाकायला वेळ मिळतो. या यादीतलं डीबस-एक्स११ लोक हमखास विसरतात आणि मग राखाडी पडदा बघत बसतात.

आता डेस्क या वापरकर्त्याने लॉगिन करून ‘व्हीएनसीपासडब्ल्यूडी’ चालवा आणि पासवर्ड ठेवा. फक्त बघण्यासाठी वेगळा पासवर्ड हवा का, असं तो विचारेल. नको म्हणा. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरंच धरली जातात. तुम्ही वीस अक्षरांचा ठेवलात तरी कुलूप आठ अक्षरांचंच. म्हणून हा पासवर्ड घराच्या आतल्या खोलीची कडी समजा. मुख्य दाराचं काम त्याच्यावर सोपवू नका.

डेस्कच्या होम फोल्डरमध्ये ‘.व्हीएनसी’ नावाचा फोल्डर आहे. त्यात ‘एक्सस्टार्टअप’ नावाची फाइल तयार करा. पहिली ओळ नेहमीची शेलची: पाउंड चिन्ह, उद्गारचिन्ह, /बिन/एसएच. पुढच्या दोन ओळींत ‘अनसेट’ वापरून ‘सेशन_मॅनेजर’ आणि ‘डीबस_सेशन_बस_अ‍ॅड्रेस’ हे दोन व्हेरिएबल पुसायचे. ही नावं मोठ्या रोमन अक्षरांत. शेवटची ओळ: ‘एक्झेक डीबस-लाँच --एक्झिट-विथ-सेशन स्टार्टएक्सएफसीई४’. फाइल सेव्ह केल्यावर ‘सीएचमॉड +एक्स’ द्यायला विसरू नका. फाइल चालवण्याजोगी नसेल तर सत्र उघडून लगेच मिटतं.

आता पडदा उभा करा: ‘टायगरव्हीएनसीसर्व्हर :१ -जॉमेट्री १३६६x७६८ -लोकलहोस्ट येस’. यातला :१ म्हणजे पडदा क्रमांक एक. व्हीएनसीचं मूळ पोर्ट ५९००, त्यात पडद्याचा क्रमांक मिळवायचा, म्हणून आपलं पोर्ट ५९०१.

इथे थांबा आणि दार तपासा. ‘एसएस -टीएलएन’ चालवलं की ऐकत बसलेल्या सगळ्या पोर्टांची यादी येते. ५९०१ ची ओळ शोधा आणि तिच्या डावीकडचा पत्ता वाचा. १२७.०.०.१:५९०१ असेल तर पडदा फक्त सर्व्हरच्या आतून दिसतो. आपल्याला हेच हवंय. ०.०.०.०:५९०१ दिसलं तर तो साऱ्या जगाला दिसतोय. तसं असेल तर ‘टायगरव्हीएनसीसर्व्हर -किल :१’ देऊन बंद करा आणि लोकलहोस्टचा भाग नीट लिहून पुन्हा सुरू करा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ही ओळ न वाचताच पुढे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी लॉग उघडला तर अनोळखी पत्त्यांवरून पासवर्डचे प्रयत्न रात्रभर चालू होते. उघडी व्हीएनसी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्राम नेटवर सतत चालू असतात, त्यांना तुमचा सर्व्हर सापडायला वेळ लागत नाही. तेव्हापासून ही ओळ वाचल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही.

मग दुभाषा बसवा: ‘वेबसॉकिफाय --वेब=/यूएसआर/शेअर/नोव्हीएनसी १२७.०.०.१:६०८० १२७.०.०.१:५९०१’. पहिला पत्ता ब्राउझरने यायचा, दुसरा पडद्याचा. दोन्हीकडे १२७.०.०.१ आहे ते मुद्दाम.

बोगद्यातून पहिलं दर्शन

आता तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर या. लिनक्स किंवा मॅक असेल तर टर्मिनल उघडा. विंडोज १० किंवा ११ असेल तर पॉवरशेल, त्यात एसएसएच सहसा आधीच असतं. टाइप करा: ‘एसएसएच -एन -एल ६०८०:१२७.०.०.१:६०८० डेस्क@’ आणि @ ला लागून सर्व्हरचा पत्ता. एन आणि एल दोन्ही मोठी अक्षरं. पासवर्ड दिल्यावर काहीच घडत नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो. तेच बरोबर आहे, बोगदा तयार झालाय. ती खिडकी उघडीच ठेवा.

ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६०८०/व्हीएनसी.एचटीएमएल’ उघडा. कनेक्टचं बटण, पासवर्ड, आणि समोर एक्सएफसीईचा डेस्कटॉप. डाव्या कडेला एक छोटी खुंटी दिसेल, ती ओढली की पट्टी बाहेर येते. तिच्यातल्या सेटिंगमध्ये स्केलिंग मोड ‘रिमोट रिसायझिंग’ करा. म्हणजे ब्राउझरची खिडकी लहान-मोठी केली की सर्व्हरवरचा पडदाही तेवढाच होतो आणि अक्षरं धूसर होत नाहीत. नेट मंद असेल तर तिथेच गुणवत्ता ६ वरून ३ वर आणा. रंग थोडे फिके पडतात, हात मात्र मोकळा चालतो.

डेस्कटॉपच्या आत शिरल्यावर लगेच दोन कामं करा. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ मध्ये जाऊन कंपोझिटर बंद करा. सावल्या आणि पारदर्शकपणा गेला की पाठवायचे तुकडेही कमी होतात. आणि स्क्रीनसेव्हर व आपोआप लॉक होणं बंद करा. नसलेल्या मॉनिटरला झोपवण्यात अर्थ नाही आणि लॉक झालेलं सत्र कधीकधी उघडतच नाही.

एकट्याने वापरणार असाल आणि स्वतःच्याच लॅपटॉपवरून, तर माझं स्पष्ट मत आहे: इथेच थांबा. एसएसएचला पासवर्डऐवजी की, म्हणजे किल्लीची फाइल, लावा. याहून मजबूत दार घरच्या घरी बांधता येत नाही.

सर्व्हर रीस्टार्ट झाला तर

हाताने सुरू केलेल्या या दोन्ही गोष्टी सर्व्हर रीस्टार्ट झाला की संपतात. त्या आपोआप उठाव्यात म्हणून सिस्टमडीच्या (सर्व्हरवरचे प्रोग्राम सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) दोन सर्व्हिस फाइल ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’ मध्ये लिहायच्या. पडद्याच्या फाइलमध्ये वापरकर्ता डेस्क, पीएएमचं नाव लॉगिन, आणि एक्झेकस्टार्टमध्ये वरचीच टायगरव्हीएनसीची कमांड, पण पूर्ण पाथसह आणि शेवटी ‘-एफजी’ जोडून. हे एफजी महत्त्वाचं. त्याशिवाय प्रोग्राम मागे निघून जातो आणि सिस्टमडीला वाटतं काम संपलं. त्याच फाइलमध्ये एक्झेकस्टार्टप्री म्हणून ‘-किल :१’ ची कमांड द्या आणि तिच्या अगदी सुरुवातीला एक उणे चिन्ह. त्याचा अर्थ, ही कमांड फसली तरी पुढे जा. अचानक बंद पडलेल्या सत्राचं कुलूप ‘/टीएमपी’ मध्ये मागे राहिलेलं असतं आणि नवं सत्र त्यालाच अडखळतं. या ओळीने ते साफ होतं.

वेबसॉकिफायची फाइल तशीच, फक्त ‘आफ्टर’ मध्ये पहिल्या सर्व्हिसचं नाव घाला. मग ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’, आणि दोन्ही सर्व्हिसना ‘एनेबल --नाऊ’. एकदा सर्व्हर खरोखर रीस्टार्ट करून बघा. न बघता सोडलेली सर्व्हिस नेमकी नको त्या दिवशी दगा देते.

सार्वजनिक पत्ता हवाच असेल तर

भाचीला मोबाइलवरून, कॉलेजच्या लॅबमधून, मैत्रिणीच्या टॅबवरून उघडायचं होतं. तिथे दर वेळी बोगदा कुठून आणणार? अशा वेळी पुढचं दार लागतं, आणि ते एचटीटीपीएसचंच असायला हवं. साध्या एचटीटीपीवर तुम्ही टाइप केलेली प्रत्येक कळ वाटेतल्या कोणालाही वाचता येते.

यासाठी मी कॅडी नावाचा वेब सर्व्हर वापरतो, कारण तो लेट्स एनक्रिप्टचं, म्हणजे एचटीटीपीएसला लागणारं मोफत, सर्टिफिकेट स्वतः आणतो, स्वतः नवं करतो आणि वेबसॉकेटसाठी वेगळं काही सांगावं लागत नाही. स्वतःच्या डोमेनचा एक उपपत्ता सर्व्हरच्या आयपीकडे वळवा. फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढीच पोर्टं उघडी ठेवा, आणि २२ आधी, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. कॅडीफाइलमध्ये तुमचा पत्ता आणि महिरपी कंसात दोन गोष्टी: ‘रिव्हर्स_प्रॉक्सी १२७.०.०.१:६०८०’, आणि ‘बेसिक_ऑथ’ च्या कंसात वापरकर्त्याचं नाव व ‘कॅडी हॅश-पासवर्ड’ ने काढलेली लांबलचक ओळ. कॅडीची आवृत्ती २.८ च्या आधीची असेल तर बेसिकऑथ हा शब्द अंडरस्कोअरशिवाय, सलग लिहायचा. डेबियन १२ मध्ये तसाच लागतो.

हा पासवर्ड मात्र लांबच हवा, वीस अक्षरांच्या वर. मुख्य दाराचं कुलूप हेच. आठ अक्षरांची कडी त्याच्या आत राहू द्या.

एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर आधीपासून चालवत असाल तर तोही चालेल, पण अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन हेडर हाताने पुढे पाठवावे लागतात. आणि ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ वाढवा. तो मुळात ६० सेकंद असतो. पडद्यावर मिनिटभर काही हललं नाही की जोडणी तुटते, आणि माणूस उगाच नेटला दोष देत बसतो.

मराठीचं काय

नव्या सर्व्हरवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, कारण फाँटच नसतात. ‘फाँट्स-नोटो-कोर’ आणि ‘फाँट्स-लोहित-देवा’ ही दोन पॅकेजं टाका, फायरफॉक्स बंद करून उघडा, झालं. वेळेसाठी ‘टाइमडेटसीटीएल’ ने आशिया/कोलकाता ठरवून टाका.

लिहिण्याचा भाग जरा नाजूक आहे. आपल्या लॅपटॉपवरचा उच्चारानुसार लिहिणारा कीबोर्ड चालू ठेवून दूरच्या पडद्यावर ‘ज्ञानेश्वर’ लिहून बघा. कधी रोमन अक्षरंच उमटतात, कधी ज्ञ गायब, कधी पाय मोडलेले तुकडे. कारण असं की तसा कीबोर्ड शब्द पूर्ण होईपर्यंत तो ब्राउझरमध्ये जुळवत असतो, तर नोव्हीएनसी एकेक कळ पकडून पुढे धाडत असतं. दोघांचा मेळ बसत नाही. उपाय एकच: जुळवण्याचं काम सर्व्हरवर न्यायचं. तिथे ‘आयबस’ आणि ‘आयबस-एम१७एन’ ही भारतीय भाषा लिहिण्याची पॅकेजं टाका, एक्सएफसीईच्या ‘सेशन अँड स्टार्टअप’ मध्ये ‘आयबस-डीमन -डीआरएक्स’ आपोआप सुरू होईल असं करा, आणि आयबसच्या पसंतीत मराठी निवडा. एक्सस्टार्टअपमध्ये शेवटच्या ओळीच्या आधी ‘जीटीके_आयएम_मॉड्यूल’ आणि ‘क्यूटी_आयएम_मॉड्यूल’ आयबसवर एक्स्पोर्ट करा, ‘एक्समॉडिफायर्स’ ला ‘@आयएम=आयबस’ द्या; ही तिन्ही नावंही मोठ्या रोमन अक्षरांत. आपल्या लॅपटॉपचा कीबोर्ड साध्या इंग्रजीवर ठेवायचा. मग ज्ञानेश्वर अगदी ज्ञानेश्वरच उमटतो.

कॉपी-पेस्टमध्ये मराठीची प्रश्नचिन्हं होत असतील तर दोष जुन्या आवृत्तीचा. व्हीएनसीच्या २०११ च्या मानकात क्लिपबोर्डला पश्चिम युरोपीय अक्षरांपुरतीच जागा होती. युनिकोडची सोय नंतर जोडली गेली, आणि ती दोन्ही टोकांना लागते. डेबियन १२ मधल्या टायगरव्हीएनसी आणि नोव्हीएनसीत ती आहे. नोव्हीएनसीच्या पट्टीतल्या क्लिपबोर्डच्या चौकटीत मजकूर टाकायचा आणि आत जाऊन पेस्ट करायचा.

रोजच्या अडचणी

काळा किंवा राखाडी पडदा आणि नुसता कर्सर दिसला तर ‘.व्हीएनसी’ फोल्डरमधली लॉग फाइल उघडा. दहातल्या आठ वेळा दोष एक्सस्टार्टअपचाच असतो.

कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की दूरच्या फायरफॉक्सचा टॅब बंद होण्याऐवजी तुमच्या ब्राउझरचा टॅब मिटतो. घाबरू नका, काम तिथंच आहे, पत्ता पुन्हा उघडा. क्रोममध्ये हा पत्ता अ‍ॅप म्हणून इन्स्टॉल करून पूर्ण पडद्यावर वापरला तर असा चुकून मिटण्याचा त्रास बराच कमी होतो.

फाइल ने-आण करायला नोव्हीएनसीत सोय नाही. त्यासाठी एसएफटीपी, म्हणजे एसएसएचवरूनच फाइल पाठवण्याची सोय, वापरा. फाइलझिलासारख्या प्रोग्राममध्ये एसएसएचचंच नाव आणि पासवर्ड चालतो.

आवाज हवाच असेल, किंवा एवढं सगळं हाताने बांधायला वेळ नसेल, तर लिनक्ससर्व्हर या गटाची ‘वेबटॉप’ नावाची डॉकर इमेज (सगळं आधीच बांधून ठेवलेला तयार डबा) घ्या. एका कमांडमध्ये डेस्कटॉप उभा राहतो, आवाजासकट, आणि ३००१ या पोर्टवर एचटीटीपीएसने उघडतो. शेअर्ड मेमरी एक जीबी द्या, नाहीतर ब्राउझर आतल्या आत कोसळतो. ‘/कॉन्फिग’ हा फोल्डर बाहेर जोडून ठेवा, कारण तुमच्या फाइल त्यातच असतात. आणि पोर्ट जोडताना नुसतं ३००१:३००१ न लिहिता १२७.०.०.१:३००१:३००१ असं लिहा. डॉकर स्वतःचे नियम फायरवॉलच्या आधी घालतो, त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये पोर्ट बंद दिसत असतानाही ते जगाला उघडं असू शकतं. वर्गातल्या तीस मुलांना वेगवेगळी खाती द्यायची असतील तर अपाचे ग्वाकामोली हा ब्राउझरमधून दूरचे डेस्कटॉप उघडून देणारा प्रोग्राम बघा. त्यात नावं, अधिकार, दोन टप्प्यांचं लॉगिन सगळं आहे, मांडणीही तेवढीच मोठी.

भाचीच्या सर्व्हरवर दर रविवारी मी ‘एपीटी अपग्रेड’ चालवतो आणि तिचा होम फोल्डर आर-सिंक या कॉपी करण्याच्या कमांडने घरच्या डिस्कवर उतरवतो. त्यानंतर एकदा ‘एसएस -टीएलएन’. २२, ८० आणि ४४३ सोडून बाहेरून दिसणारी एकही ओळ नसली की लॅपटॉप मिटतो.